अलीकडे आपण कोणते चित्रपट पाहिले आणि ते कसे वाटले?

गेल्या काही आठवड्यांत मी प्रामुख्याने मराठी चित्रपटच पाहिले, काही प्रथमच तर काही पुन्हा, त्यामुळे आपल्या प्रश्नाचे उत्तरही त्यांच्यापुरतेच देतो.

सर्वांत खोल परिणाम झाला तो चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’चा. २०२० साली व्हेनिस महोत्सवात त्याच्या पटकथेला पारितोषिक मिळाले, ते अगदी योग्य होते. शरद नेरुळकर हा तरुण शास्त्रीय संगीतातील ख्यालगायकीला आयुष्य वाहतो, गुरुजींची सेवा करतो, नेमाने रियाज करतो आणि रात्री मुंबईच्या रिकाम्या रस्त्यांवरून मोटारसायकल चालवताना गुरुजींच्या गुरू असलेल्या माईंची ध्वनिमुद्रित व्याख्याने ऐकत राहतो. तरीही त्याचे गाणे एका पायरीच्या वर चढत नाही. कलावंताच्या अपयशाची गोष्ट सांगताना आपल्याकडे व्यसन, मत्सर किंवा दैव यांपैकी काहीतरी पुढे केले जाते. येथे असे कोणतेही कारण हाती दिले जात नाही, आणि म्हणूनच ते अपयश सोसवत नाही. माईंना आवाज दिला आहे सुमित्रा भावे यांनी. तो इतका शांत आणि ठाम आहे की ऐकणाऱ्यालाच आपण कुठेतरी कमी पडतो आहोत असे वाटू लागते. शरदच्या भूमिकेतील आदित्य मोडक आणि गुरुजींच्या भूमिकेतील अरुण द्रविड हे दोघेही प्रत्यक्षात गायक असल्यामुळे मैफलींत कोठेही सोंग जाणवत नाही. दुर्मीळ ध्वनिमुद्रिकांचा एक संग्राहक शरदच्या श्रद्धास्थानांविषयी कडवट गोष्टी सांगू लागतो आणि शरदचा संयम सुटतो, तो प्रसंग मी थांबवून पुन्हा पाहिला: हा राग त्या माणसाच्या उर्मटपणाचा, की तो सांगतो ते खरे असेल या भीतीचा, हे मला अजून ठरवता आलेले नाही. रिअ‍ॅलिटी शोमधील मुलीचे उपकथानक मात्र फार सोपे वाटले; एवढ्या संयमी दिग्दर्शकाला तो टोला मारण्याची गरज नव्हती.

त्यानंतर साहजिकच ताम्हाणे यांचाच २०१४ चा ‘कोर्ट’ पुन्हा पाहिला. शाहिराच्या गाण्यामुळे मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली, या आरोपावर उभा राहिलेला हा खटला आहे. शाहिराच्या भूमिकेतील वीरा साथीदार लक्षात राहतातच, पण या वेळी मी अधिक पाहत राहिलो ती गीतांजली कुलकर्णी यांनी साकारलेली सरकारी वकील. न्यायालयात ती कलमे एकसुरात वाचून दाखवते, मग लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते. तिच्या मनात आरोपीविषयी द्वेष नाही, आणि अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट नेमकी तीच आहे. सुटी लागल्यावर न्यायालयातील दिवे मालवले जातात तेथेच चित्रपट संपायला हवा होता, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही, कारण सहलीला गेलेले न्यायाधीश ज्या सहजतेने अंकशास्त्राचे सल्ले देतात ते पाहिल्यानंतरच त्यांच्या निकालांकडे नीट पाहता येते.

या दोन अबोल चित्रपटांनंतर जब्बार पटेल यांचा ‘सामना’ लावला आणि जणू भरल्या बाजारात आल्यासारखे वाटले. विजय तेंडुलकरांची पटकथा, साखर कारखान्याचे राजकारण, निळू फुले यांचा साखरसम्राट हिंदुराव आणि श्रीराम लागू यांचा दारुडा मास्तर. गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचे काय झाले, हा एकच प्रश्न मास्तर विचारत राहतो. संवाद रंगमंचीय आहेत, एरवी मला ते खटकले असते. परंतु हिंदुरावाला मास्तराविषयी वाटणारी ओढ फुले ज्या बारकाईने दाखवतात, तिच्यापुढे ही तक्रार टिकत नाही. त्याची क्रूरता अनेक नटांना साधली असती, हा एकटेपणा क्वचितच कोणाला.

रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ सर्वांत शेवटी पाहिला. २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात त्याला जागतिक कथापटांच्या विभागातील ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळाल्याने अपेक्षा वाढल्या होत्या. वडिलांच्या सुतकात गावी आलेल्या आनंदवर लग्नासाठी येणारा नातेवाइकांचा दबाव आणि बालमित्र बाल्याशी हळूहळू जुळत जाणारे त्याचे प्रेमाचे नाते, एवढाच त्याचा पट आहे. त्याची गती काहींना संथ वाटेल, मला वाटली नाही. त्यातील आई सर्व काही जाणून असते आणि त्याचा गाजावाजा करत नाही. चित्रपट पुन्हा पाहीन तो तिच्यासाठी.