शेतात मेटल डिटेक्टर फिरवून जुनी नाणी शोधली तर चालतं का, आणि सापडलं तर ते आपलंच का?

सापडतं हो, पण आधी बैलाच्या नालेचे तुकडे, खिळे आणि सोडा बाटलीची बुचं इतकी निघतात की हौस फिटते. आमच्याकडे पहिल्या पावसानंतर नांगरलेल्या रानात नुसतं चाललं तरी कधीतरी शिवराई दिसते, हिरवट जाड तांब्याचा तुकडा, एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसरीकडे 'छत्रपती'. तेर, पैठणकडे तर सातवाहनांची हत्तीची नाणीसुद्धा अशीच वर येतात.

आता आपलंच का, तर लगेच नाही. 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे, जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं (हो, दहाच!) तर कलेक्टरला लेखी कळवायचं, लपवलं तर वर्षभराची कैद होऊ शकते. चौकशीत त्या ऐवजाचा कोणी मालक निघाला नाही आणि सापडणारा व जमीनमालक यांच्यात आधी काही ठरलं नसेल तर चारातले तीन हिस्से सापडणाऱ्याला, एक जमीनमालकाला, पण सरकार मोबदला देऊन घेऊही शकतं. दुसऱ्याच्या रानात विचारल्याशिवाय जाऊ नका, संरक्षित जागेत तर खोदायचं नावच काढू नका.

आणि प्लीज, नाणं चिंच लावून घासू नका, अक्षरंच जातात राव.