पुन्हा बर्फावर, एकटीने

प्रश्न : मी ५३ वर्षांची असून पुण्यात राहते. १९९८ साली औलीला चौदा दिवसांचा स्कीइंगचा कोर्स केला होता. त्यानंतर नोकरी आणि संसारात पुन्हा जमले नाही. या हिवाळ्यात आठवडाभर एकटीनेच गुलमर्गला जाण्याचा विचार आहे. इतक्या खंडानंतर ते शहाणपणाचे ठरेल का?

– एक वाचक

उत्तर : जरूर जावे. एकदा अंगवळणी पडलेला तोल शरीर सहसा पूर्णपणे विसरत नाही. मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जुना धीटपणा परत येतो आणि मांड्यांतली जुनी ताकद आलेली नसते, आणि गुडघा दुखावण्याची भीती तेव्हाच अधिक असते. म्हणून निदान दोन महिने आधीपासून बैठका आणि जिने यांचा सराव ठेवावा. आपण पुण्याच्या असल्यामुळे सांगतो, सिंहगड चढण्याइतकेच तो पायी, सावकाश उतरण्याला महत्त्व द्या, कारण उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात आणि स्कीवरही त्यांना हेच काम करावे लागते. गुडघ्याचे जुने दुखणे असल्यास आधी डॉक्टरांना दाखवावे.

औलीला आपण वापरलेल्या स्की बहुधा डोक्याहून उंच आणि सरळ असतील. आताच्या स्की आखूड, साधारण हनुवटी ते कपाळ एवढ्या उंचीच्या आणि मध्ये निमुळत्या असतात. त्या कडेवर कलवल्या की वळण बरेच सोपे जाते. त्या तेथेच भाड्याने घ्याव्यात. पडल्यावर बूट स्कीपासून सुटावा म्हणून असलेले बाइंडिंग वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य पाहून लावतात, आणि पन्नाशीनंतर ते थोडे सैल ठेवतात; तेव्हा दुकानात वय चोरू नये आणि कौशल्य फुगवून सांगू नये.

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे पहिला दिवस विश्रांतीचा ठेवावा. पुढचे दोन-तीन दिवस गावालगतच्या सौम्य उतारावर प्रशिक्षक घ्यावा. एकट्या प्रवाशाला चुका दाखवणारी आणि सोबत करणारी व्यक्ती त्यामुळे एकाच खर्चात मिळते. गंडोल्याच्या, म्हणजे तेथील रोपवेच्या, पहिल्या टप्प्यावरचे कोंगडोरी हे ठिकाण त्यानंतर, तेही प्रशिक्षकाने होकार दिल्यावरच. दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या बाजूला सुमारे ३,९५० मीटरपर्यंत जातो. तेथील बर्फ यंत्राने दाबून सपाट केलेला नसतो आणि हिमस्खलनाचा धोका खरा असतो, म्हणून या खेपेस वर जायचेच असेल तर स्कीशिवाय, केवळ पाहण्यासाठी जावे.

जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ बर्फासाठी सहसा चांगला असतो. परतीचे विमान शेवटच्या दिवसाला घट्ट बांधू नये, कारण बर्फ पडला की पायथ्याच्या तंगमर्गहून वरचा रस्ता चाकांना साखळ्या लावूनच पार करावा लागतो आणि कधी तो बंदही राहतो. विमा घेताना त्यात स्कीइंग समाविष्ट आहे का, हे लेखी विचारावे. साहसी खेळ अनेकदा वगळलेले असतात. आणखी एक, बाहेरच्या राज्यातले प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही. एकटीने जाताना पोस्टपेड क्रमांक जवळ असू द्यावा.