मुलांचे कपडे घरी शिवायचे आहेत, पण कटिंग येत नाही. सुरुवात कशी करू? आणि खरंच पैसे वाचतात का?

तुम्ही लिहिलंय की घरात मशीन आहे, सरळ टीप मारता येते, मुलं दीड आणि पाच वर्षांची आहेत, आणि कापडाला कात्री लावायची म्हटलं की हात थांबतो. मी माझ्या दोन्ही मुलांचे घरात घालायचे जवळजवळ सगळे कपडे शिवते, म्हणून सविस्तर लिहिते.

पैशांचं आधी सांगून टाकते. केवळ पैसे वाचवायचे म्हणून शिवायला बसू नका. चांगलं सुती कापड, दोरा, इलॅस्टिक, बटणं आणि तुमचा वेळ धरला, तर साधा तयार टी-शर्ट बहुतेक वेळा स्वस्तच पडतो. कारखान्यात कापडाचे थरच्या थर एकदम कापतात, त्या हिशेबाशी घरच्या कात्रीने स्पर्धा करू नये. पण तयार कपडा उसवून बघा. आत शिलाईपुरतं जेमतेम सेंटीमीटरभर कापड सोडलेलं असतं. मूल वाढलं की तो कपडा संपला. घरी शिवताना आत किती कापड ठेवायचं हे आपल्या हातात असतं, आणि माझ्या मते मुलांसाठी शिवण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

मूल कसं वाढतं हे एकदा नीट समजून घ्या. पहिल्या वर्षात बाळाची उंची साधारण 25 सेंटीमीटरने वाढते, दुसऱ्या वर्षात साधारण त्याच्या निम्म्याने, आणि तीन-चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत दरवर्षी सुमारे 5 ते 6 सेंटीमीटर. युरोपातल्या मुलांच्या कपड्यांवर 104, 110, 116 असे आकडे असतात, ती मुलाची सेंटीमीटरमधली उंचीच असते, आणि दोन मापांत 6 सेंटीमीटरचंच अंतर असतं. या वाढीत पायांचा वाटा मोठा. कंबर आणि खांदे त्या मानाने फार हळू रुंदावतात. म्हणूनच वाढत्या अंगाचा म्हणून सगळाच कपडा दोन मापं मोठा शिवणं मला अजिबात पटत नाही. खांदा दंडावर ओघळतो, गळा उघडा पडतो आणि मूल दिवसभर बाह्या वर सारत बसतं. घेर आजच्याच मापाचा ठेवा, हालचालीपुरता सैल. जादा कापड ठेवायचं ते लांबीत.

ते कसं, तर पायजम्याला खाली 6-7 सेंटीमीटरची दुमड ठेवायची. फ्रॉकला खालच्या दुमडीबरोबर घेरावर दोन आडवे टक, म्हणजे टीप मारून पक्क्या केलेल्या घड्या, घालायचे. दीड सेंटीमीटर खोल टकात तीन सेंटीमीटर कापड दडतं, म्हणजे दोन टकांत वर्षभराच्या वाढीची सोय होते. टकांची टीप लांब टाक्याची मारा, मशीनवर 3.5 किंवा 4 ला, म्हणजे उसवताना कापडाला इजा होत नाही. एक गोष्ट मात्र आधीच ठरवावी लागते. माझ्या मुलीच्या निळ्या फ्रॉकचे टक मी उसवले तेव्हा आतलं कापड अजून गडद निळं होतं आणि बाहेरचं धुऊन धुऊन फिकटलं होतं. घेरावर दोन गडद पट्टे उठून दिसत होते आणि प्रत्येक पट्ट्याच्या काठाला जुन्या टीपेची बारीक भोकं. त्या पट्ट्यांवर अरुंद लेस लावली की ती मुद्दाम केलेली सजावट वाटते, म्हणून मी फ्रॉक शिवतानाच लेस जास्त घेऊन ठेवते. लेस नको असेल तर बारीक छापाचं किंवा चौकटीचं कापड घ्या, त्यात हा फरक फारसा कळत नाही.

आता कटिंग. सुरुवात पायजम्याने करा, आणि मापं घेऊन गणित मांडण्याऐवजी मुलाला सध्या नीट बसणारा पायजमाच समोर ठेवा. एक पाय दुसऱ्या पायावर येईल असा तो उभा दुमडा, कंबरेचं इलॅस्टिक पूर्ण ताणून धरा आणि जुन्या वर्तमानपत्रावर बाहेरची रेघ ओढा. पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळा काढायचा, हे महत्त्वाचं. मागचा भाग कंबरेला पुढच्यापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर उंच असतो आणि बैठकीची, म्हणजे दोन पायांमधली, वळणरेघही जास्त खोल असते. मूल उकिडवं बसतं, वाकतं, तेव्हा मागे कापड लागतं. तुमचं धाकटं अजून डायपर वापरत असेल तर त्याच्या पायजम्याला मागे आणखी थोडी उंची द्या. नुसती पुढच्या भागाची नक्कल दोनदा कापली तर बसल्याबरोबर पाठ उघडी पडते. मग बाजूंना शिलाईसाठी एक-एक सेंटीमीटर, वर नेफ्यासाठी, म्हणजे इलॅस्टिक ओवायच्या दुमडीसाठी, चार आणि खाली दुमडीसाठी सहा-सात सेंटीमीटर वाढवा, की साचा तयार.

साचा कापडावर ठेवताना पायाची मधली रेघ कापडाच्या काठाला समांतर ठेवायची, म्हणजे उभा धागा सरळ येतो. दोन-तीन इंच कापड वाचवायला साचा तिरका ठेवण्याचा मोह होतो, पण तसा कापलेला पाय धुतल्यावर नडगीभोवती पिळतो आणि तो नंतर काही केल्या सरळ होत नाही.

नेफ्यातलं इलॅस्टिक कंबरेच्या मापापेक्षा चार-पाच सेंटीमीटर कमी लागतं. पण कापताना ते थोडं जास्तच ठेवा, टोकं एकमेकांवर चढवून शिवा आणि नेफ्याचं ते तोंड हाताने मोठ्या टाक्यांनी बंद करा. पोट सुटलं, मूल भरलं, तर तिथून पाच मिनिटांत सैल करता येतं.

कापड कापण्यापूर्वी धुऊन घ्या, आणि पुढे जसं धुणार आहात तसंच. गरम पाण्यात धुणार असाल तर गरम पाण्यात. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात 3 ते 5 टक्के सहज आटतं. 60 सेंटीमीटर लांबीच्या पायजम्यात 5 टक्के म्हणजे तीन सेंटीमीटर, निम्म्या वर्षाची वाढ पाण्यात गेली! पॉपलिन किंवा जाडसर मलमल हाताळायला सोपी, 80 नंबरची सुई, टाका अडीचचा. होजिअरीचं ताणणारं कापड सुरुवातीला नको. पुढे घ्याल तेव्हा गोल टोकाची सुई घ्या. साधी टोकदार सुई विणीचा धागा तोडते आणि मग टाके सुटतात. तिची टीपही सरळ नाही, अगदी अरुंद झिगझॅग मारायची, म्हणजे कापड ताणलं तरी दोरा तुटत नाही.

धाकट्यासाठी सदरा किंवा झबलं शिवाल तेव्हा सगळ्यात आधी टेप डोक्याभोवती लावा, छाती नंतर. वर्षभराच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 46 सेंटीमीटर असतो आणि छातीचाही जवळपास तेवढाच. म्हणजे अंगाला नेटका दिसणारा गळा डोक्यातून जाणारच नाही. न ताणणाऱ्या कापडात गळा उघडल्यावरचा घेर डोक्याच्या घेरापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर जास्त हवा. त्यासाठी गळा रुंद करत बसू नका, एका खांद्यावर उघडं ठेवून दोन टिचबटणं लावा. कपडा घालताना मूल रडत असेल तर बहुतेकदा दोष गळ्याचा असतो.

आतल्या बाजूकडेही तेवढंच लक्ष द्या. माझा मुलगा मानेवर काहीही टोचलं की सदरा काढून फेकायचा. त्याच्यासाठी मी फ्रेंच शिलाई घालायला लागले. कापडाच्या उलट्या बाजू एकमेकींना लावून अर्ध्या सेंटीमीटरवर पहिली टीप, कडा कातरून कपडा पलटायचा, मग सुलट बाजू समोरासमोर आणून जरा आत दुसरी टीप. कच्ची कड दोन टिपांच्या मध्ये बंद होते आणि अंगाला एक सूतसुद्धा लागत नाही. कापडाची कड दोऱ्याने गुंफणारं ओव्हरलॉक मशीन नसलेल्या घरात याहून चांगला उपाय मला माहीत नाही. ही करायची असेल तर शिलाईसाठी सव्वा सेंटीमीटर तरी सोडा. मुंढ्याला, म्हणजे बाही जोडायच्या वळणाला, आणि बैठकीच्या वळणाला ती जाड होते, तिथे झिगझॅग पुरे.

सुरक्षिततेच्या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही. गळ्याला किंवा टोपीला नाडी नाही, कितीही गोड दिसली तरी. घसरगुंडीत, पाळण्याच्या कठड्यात, दारात ती अडकते आणि गळा आवळला जातो. युरोपातल्या मानकात सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना गळ्याशी नाडी लावायला मनाईच आहे. कंबरेला नाडी हवीच असेल तर मागे मधोमध टीप मारून ती पक्की करा. दीड वर्षाचं मूल बटण तोंडात घालतं, म्हणून बटण दुहेरी दोऱ्याने लावायचं आणि ओढून बघायचं. झोपायचे कपडे घोळदार, झालरीचे नकोत. सैल सुती कापड ज्योतीजवळ गेलं तर चटकन पेट घेतं, अंगाबरोबरचा कपडा त्या मानाने सुरक्षित.

पहिला पायजमा झाला की लगेच फ्रॉककडे वळू नका. त्याच साच्यावर दुसऱ्या कापडाचा आणखी एक शिवा. पहिल्यात लक्ष कात्रीकडे असतं, दुसऱ्यात शिलाईकडे जातं. मग थोरल्याचा साचा, मग बिनबाह्यांचा सदरा, आणि बाही सगळ्यात शेवटी, कारण मुंढ्याच्या वळणात बाही बसवायला सराव लागतो. मोजे, आतले कपडे, पोहण्याचे कपडे आणि पावसाळी जाकीट मात्र विकतच घ्या. त्यांना लागणारं कापड आणि मशीन वेगळं असतं, आणि तेवढ्या वेळात तुमचे तीन पायजमे होतील.