होर्नला अर्धा दिवस द्यावा का, की सरळ पवनचक्क्या बघायला जावं?

होर्नला जा, नेदरलँड्समधलं जुनं बंदराचं गाव आहे. पवनचक्क्यांपुढचे फोटो तुमच्या निम्म्या नातेवाईकांकडे असतीलच. ॲम्स्टरडॅम सेंट्रलहून ट्रेनने पाऊण तासाच्या आत पोचता, पुढे सगळं चालत होतं.

पण खरं सांगू, मी लिहायला बसलो ते तुम्ही प्रश्नाखाली जे टाकलंय ना, "जुन्या पाट्या वाचत हिंडण्यात काय पॉईंट आहे", त्यामुळे. आमच्या भाऊजींनी हेच मला होर्नच्या भर चौकात ऐकवलंय आणि ते भांडण अजून मिटलेलं नाही.

झालं असं की ताई आणि भाऊजी पुण्याहून आले होते, मी त्यांना रोडे स्टेन चौकात घेऊन गेलो. मधोमध उंच चौथऱ्यावर यान पीटरझोन कूनचा पुतळा. 1587 साली याच गावात जन्मलेला माणूस, डच ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर जनरल, आत्ताचं जकार्ता ज्यावर उभंय ते बटाव्हिया वसवणारा. पुतळा 1893 चा. भाऊजी खूश, "काय रुबाब आहे बघ, आणि गाव किती स्वच्छ ठेवलंय", फोटोवर फोटो. मी खाली वाकून पाटी वाचायला लागलो आणि वाचता वाचता मोठ्याने मराठीत सांगत सुटलो. की याने 1621 साली बांदा बेटांवर स्वारी केली, का, तर तिथले लोक कंपनीची बंदी मोडून इंग्रजांना जायफळ विकत होते. हजारो माणसं मेली, उरलेल्यांना पकडून बटाव्हियाला नेलं. हे सगळं त्या पाटीवर आहे हो, पुतळ्याबद्दल वाद आहे हेसुद्धा. पाटीवर नाही ते मी माझ्या पदरचं घातलं, की त्या बेटांवरच्या 44 म्होरक्यांची मुंडकी उडवली, आणि साधारण 15,000 वस्तीतले हजारभरच मागे राहिले असं मानतात. मग जायफळाच्या बागा राबवायला बाहेरून गुलाम आणले.

ताई एकदम म्हणाली, "जायफळ म्हणजे आपण श्रीखंडात घालतो तेच?" तेच. आणि भाऊजी म्हणाले, "अरे चारशे वर्षं झाली, कॉफी गार होतेय."

कॉफी प्यायलो. चौकातच जुनं वजनघर आहे, 1609 चं, पूर्वी तिथे चीज तोलायचे, आता खायची-प्यायची जागा झालीय. तिथे भाऊजींनी खरा मुद्दा काढला, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. 2011 मध्ये एका क्रेनच्या धक्क्याने हा पुतळा खाली पडला होता. म्हणजे आयती संधी होती, गावात चर्चाही झाली, पण दुरुस्त करून परत तिथेच उभा केला आणि 2012 मध्ये ही नवी पाटी लावली. भाऊजींचं म्हणणं, ही पळवाट आहे, पुतळा लांबून दिसतो, पाटी वाकल्याशिवाय दिसत नाही, पटत नसेल तर काढा नाहीतर गप्प बसा.

मला हे अजिबात पटत नाही. पुतळा काढला असता तर चौकात फुलांच्या कुंड्या आल्या असत्या आणि ताईने जायफळाचं विचारलंच नसतं. माणसं वाकत नाहीत हा पाटीचा दोष नाही. पाटी अजून मोठी हवी होती, डोळ्यासमोर हवी होती, एवढं मी मान्य करतो. आणि भाऊजी, तुम्ही हे वाचणार हे मला माहितीय (फॅमिली ग्रुपवर लिंक टाकणारच आहे), तर तुमच्याच वेंगुर्ल्याला याच कंपनीची वखार आहे, सतराव्या शतकातली. गोव्याच्या पोर्तुगीजांना कोंडीत धरायला डचांना तो तळ कामाचा होता. लहानपणापासून त्या पडक्या भिंतींजवळून गेलात, कधी विचारलंत की हे लोक इथे काय करत होते? तिथेही तुम्ही फोटोच काढलेत.

असो. पुतळ्यावरच अडकू नका, बंदराकडे चालत जा. वाटेत बोसूची घरं लागतात, त्यांच्या दर्शनी भागावर डच बंडखोर आणि स्पेन यांच्यातल्या 1573 च्या समुद्री लढाईची रंगवलेली शिल्पपट्टी आहे. त्या लढाईत स्पेनच्या बाजूचा सेनापती बोसू पकडला गेला आणि त्याला याच गावात कैदेत ठेवलं. मान वर करून बघावं लागतं, मानेचं दुखणं असेल तर समोरच्या बाजूला जाऊन बघा. पुढे बंदराच्या तोंडाशी 1532 चा होफ्टटोरेन, म्हणजे बुरूज, आणि दक्षिण अमेरिकेच्या टोकाला जे केप हॉर्न आहे त्याला नाव याच गावाचं, इथल्या स्कौटेन नावाच्या दर्यावर्दीच्या 1616 च्या सफरीतून पडलेलं.

एक राहिलं, वेस्टफ्रीस म्युझियम पुतळ्याच्याच चौकात आहे, पण उघडं आहे का ते आधी बघूनच निघा. लहान मुलं बरोबर असतील तर खरंच पवनचक्क्यांना जा, ती पाटीपाशी दोन मिनिटं थांबणार नाहीत. भाऊजींसारखे मोठे बरोबर असतील तर आधी पाटी, मग कॉफी.