उत्तर: चार बॉट, एकच लॉगिन आणि सोमवारी सकाळी सगळे बंद

तुमची पोस्ट दोनदा वाचली. चार बॉट (म्हणजे संगणकावरची कामं माणसाऐवजी आपोआप करणारे प्रोग्रॅम), चौघांना एकच लॉगिन, पासवर्ड शेअर ड्राइव्हवरच्या एक्सेलमध्ये, आणि महिना-दीड महिन्यातून एखाद्या सोमवारी सकाळी सगळे एकदम आडवे. आयटीवाले म्हणतात बॉट चालवायचं टूल खराब, टूलवाले म्हणतात तुमचं नेटवर्क. वाचताना आधी हसू आलं, मग पोटात गोळा आला. तीन-चार वर्षांपूर्वी हेच सगळं आमच्याकडे होतं, फक्त बॉट तीन होते.

मी सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात काम करते. मूळची हिशेबाची, आयटीची नव्हे. टॅलीतल्या नोंदी मारून बोटं दुखायला लागली म्हणून बॉट शिकले आणि आता ऑफिसात मला ‘बॉटवाल्या बाई’ म्हणतात. तेव्हा खालचं सगळं अनुभवाचं समजा, कायद्याचं किंवा सुरक्षेचं प्रमाणपत्र समजू नका. तुमचा ऑडिटर वेगळं सांगत असेल तर त्याचं ऐका.

आधी तुमचा सोमवार. विंडोज डोमेनची (म्हणजे ऑफिसातली सगळी खाती सांभाळणाऱ्या सर्व्हरची) मूळ सेटिंग कुणी बदललेली नसेल तर पासवर्डची मुदत ४२ दिवस असते. ४२ म्हणजे बरोबर सहा आठवडे. सोमवारी सकाळी बदललेला पासवर्ड सहा आठवड्यांनी सोमवारी सकाळीच संपतो. त्या खात्यावर बसणारा माणूस नवा पासवर्ड टाकतो आणि चहाला जातो. ठरलेल्या वेळी बॉट सुरू करणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये साठवलेला पासवर्ड मात्र जुनाच राहतो. चार बॉट तोच जुना पासवर्ड घेऊन दारावर धडका मारतात आणि आयटीवाल्यांनी लॉकची मर्यादा ठेवलेली असेल तर पाच-दहा चुकांनंतर खातं लॉक होतं. टास्क शेड्यूलरच्या ‘लास्ट रन रिझल्ट’मध्ये किंवा हिस्टरीत एक लांबलचक कोड दिसेल, त्याची शेपटी बघा. ०५२ई असेल तर पासवर्ड चुकीचा, ०५३२ असेल तर मुदत संपलेली, ०७७५ असेल तर खातं लॉक. तुमच्याकडे ही तिन्ही वेगवेगळ्या बॉटवर दिसली तरी मला नवल वाटणार नाही. टूल बदलायचा विचार तूर्त बाजूला ठेवा.

आता माझी चूक सांगते. ‘रीट्राय वाढवून बघतो’ असं तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंय ना, म्हणजे लॉगिन फसलं की बॉटने आणखी जास्त वेळा प्रयत्न करायचा, त्या एका वाक्यासाठी हे उत्तर लिहायला बसले.

जानेवारी २०२३. आमचा एक बॉट दर अर्ध्या तासाने बँकेच्या कॉर्पोरेट नेट बँकिंगमध्ये जाऊन स्टेटमेंट उतरवायचा, म्हणजे कुठल्या पार्टीचे पैसे आले ते टॅलीत लगेच दिसावं. बँक कोणती ते विचारू नका, सांगणार नाही. बॉटला स्वतःचं लॉगिन नव्हतं. आमचे अकाउंटंट काका होते, त्यांचंच लॉगिन वापरायचा. दोन वर्षांपूर्वी काकांनी माझ्या खुर्चीत बसून एकदा पासवर्ड टाईप करून दिला होता आणि नंतर तेही विसरले, मीही विसरले. लॉगिन फसलं तर तीनदा प्रयत्न कर, असं मीच लिहून ठेवलं होतं. इंटरनेट तुटलं तर तीन प्रयत्न बरे. पासवर्ड चुकला तर तीन प्रयत्न म्हणजे स्वतःच्या हाताने कुलूप घालणं. हा फरक मला तेव्हा सुचला नाही.

शुक्रवारी १३ तारखेला बँकेने काकांना पासवर्ड बदलायला लावला. त्यांनी शहाण्यासारखा बदलला. शनिवारी सकाळी सातला बॉट उठला, तीनदा जुना पासवर्ड टाकला, खातं बंद. काकांना एसएमएस गेला. गड्ड्याचे, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस, काका नातवंडांना घेऊन होम मैदानावर. तिथूनच त्यांनी मोबाईलवर ओटीपी घेऊन पासवर्ड रीसेट केला. साडेसातला बॉट परत उठला. पुन्हा बंद. काकांनी मला फोन केला, ‘अहो, कुणीतरी आपलं खातं हॅक करतंय!’ मी घाबरून म्हणाले, लगेच बदला. त्यांनी बदलला. आठ वाजता आमच्या त्या ‘हॅकर’ने तिसऱ्यांदा कुलूप लावलं, आणि या वेळी पडद्यावर आलं: शाखेशी संपर्क साधा.

माझ्या मोबाईलवर बॉटच्या ‘फेल’ झाल्याच्या तीन मेल पडल्या होत्या. मी त्या पाहिल्या आणि म्हणाले, बरोबर आहे, खातंच बंद तर बॉट फेल होणारच. चोर घरातच आहे हे डोक्यात आलं तेव्हा साडेनऊ वाजले होते. ऑफिस बंद, किल्ली वॉचमनकडे, वॉचमन नंदीध्वजांच्या मिरवणुकीला.

तो महिन्यातला दुसरा शनिवार, म्हणजे बँक बंद. दुसऱ्या दिवशी रविवार. सोमवारी शाखेत गेले. काउंटरवर सांगितलं, हेल्पडेस्कला फोन करा. हेल्पडेस्कने सांगितलं, शाखेत जा. पुन्हा शाखेत गेले तर एक फॉर्म दिला. अधिकृत स्वाक्षरीवाल्या दोन्ही भागीदारांच्या शाईच्या सह्या, शिक्का, वर लेटरहेडवर पत्र. आमचे धाकटे मालक हाइमटेक्स्टिल या कापडाच्या प्रदर्शनासाठी फ्रँकफर्टला. प्रदर्शन शुक्रवारीच संपलं होतं, पण ते बायरना भेटायला मागे राहिले होते. स्कॅन चालेल का? नाही. मेल? नाही. एकाच भागीदाराची सही? नाही. मी खरं काय घडलं ते सांगून टाकलं, म्हटलं लबाडी नको. तेव्हा समोरच्या बाई म्हणाल्या, ‘बॉट म्हणजे तुमचा कर्मचारी का? मग त्याचं केवायसी कुठंय?’ त्या गंमत करत नव्हत्या.

आज विचार केला तर नियमाच्या बाजूने त्या बरोबरच होत्या, कारण दुसऱ्याचा पासवर्ड वापरणं हा मुळात आमचाच गुन्हा. राग त्याचा नाही. राग याचा की सोमवार ते गुरुवार मला एकाही माणसाने सगळी कागदपत्रं एका दमात सांगितली नाहीत. लेटरहेड नेलं तर शिक्का गोल हवा होता. गोल शिक्का नेला तर फॉर्म जुन्या नमुन्याचा निघाला, जो त्यांनीच दिला होता. सात रस्त्यावरून त्या शाखेपर्यंतचा रस्ता मला आता डोळे मिटून येतो.

धाकटे मालक गुरुवारी आले, सही झाली, खातं पुढच्या मंगळवारी उघडलं. मधल्या काळात २० तारीख गेली, म्हणजे जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं विवरणपत्र कर भरून देण्याची मुदत. विलंब शुल्क दिवसाला ५० रुपये आणि व्याज वर्षाला १८ टक्के दराने, हे फार मोठं नव्हतं. मोठं होतं ते सूतवाल्याचं. त्याचे पैसे अडकले म्हणून त्याने गाडी रोखली आणि दीड दिवस माग थांबले. थोरले मालक एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

(जाता जाता एक. नेट बँकिंग अडकलं तर जीएसटीचं चलन बनवताना एनईएफटी-आरटीजीएस हा पर्याय निवडता येतो आणि पैसे दुसऱ्या कुठल्याही बँकेतून भरता येतात. मला हे २३ तारखेला कळलं. तेही शाखेत नव्हे, शेजारच्या चादरीच्या कारखान्यातल्या मुनीमजींकडून.)

मग आम्ही काय बदललं? पहिली गोष्ट म्हणजे ‘थांबा’ची फाइल, आणि हे तुम्ही आजच करा. बॉटच्या फोल्डरमध्ये ‘थांबा’ नावाची रिकामी फाइल असेल तर बॉटने लॉगिनच्या पानाकडे जायचंच नाही. पासवर्ड चुकला असा संदेश एकदा जरी दिसला, तरी बॉटने स्वतः ती फाइल बनवायची, मेल टाकायची आणि झोपायचं. फाइल पुसायची ती माणसाने, पासवर्ड तपासल्यावरच. एक लॉगिन अनेक बॉट वापरत असतील तर ही फाइल सगळ्यांना मिळून एकच, कारण चौघांची एकेक चूक मिळून चार चुका होतात. महागड्या टूलमध्ये याला भारी नावं असतील, आमचं काम रिकाम्या फाइलीवर चाललंय. पुन्हा प्रयत्न करायचा तो पान उघडलं नाही, नेट तुटलं, सर्व्हर धापा टाकतोय अशा वेळी. पासवर्ड चुकल्यावर कधीही नाही.

दुसरं, बॉटला स्वतःची ओळख द्या. ई-वे बिलाच्या (मालवाहतुकीच्या जीएसटी परवान्याच्या) पोर्टलवर सब-यूजर, म्हणजे मुख्य खात्याखालचं वेगळं लॉगिन बनवता येतं, ते बॉटच्या नावाने बनवा आणि त्याला लागतील तेवढेच अधिकार द्या. टॅलीतही वेगळा यूजर करा, मग कुठली नोंद माणसाने मारली आणि कुठली बॉटने ते वर्षअखेरीला दिसतं. विंडोजसाठी आयटीवाल्यांकडून बॉटचं वेगळं खातं मागा. ते जीएमएसए नावाचा प्रकार सुचवतील. त्यात पासवर्ड सर्व्हर स्वतःच बदलत राहतो आणि कुणाला तो माहीतही नसतो. फाइली इकडून तिकडे हलवणाऱ्या स्क्रिप्टला तो उत्तम. पण त्या खात्याने माणसासारखं पडद्यावर लॉगिन करता येत नाही, त्यामुळे बटणं दाबणाऱ्या बॉटला त्याचा उपयोग नाही. यावरून आमच्याकडे दोन आठवडे वाद चालला होता, तुमचा वेळ वाचावा म्हणून सांगितलं.

बँकेच्या पोर्टलवर बॉट चालवूच नका, हे माझं ठाम मत. लोक रागावतील, रागावू देत. बँकेकडून रोजचं स्टेटमेंट ठरलेल्या वेळी मेलवर किंवा एसएफटीपीवर (फाइली सुरक्षित पाठवायच्या सोयीवर) मागवता येतं. अर्ज करावा लागतो, पाठपुरावा करावा लागतो, पण बॉटने आयतं आलेलं वाचायचं, दारात उभं राहायचं नाही. ओटीपीचंही तसंच. एप्रिल २०२५ पासून ई-वे बिलाला सगळ्यांनाच दुहेरी पडताळणी आली. त्यावर ड्रॉवरमध्ये एक मोबाईल ठेवून त्याचे एसएमएस बॉटला पाठवणारे महाभाग मी पाहिलेत. दोन कुलपं लावून दोन्ही किल्ल्या एकाच खिळ्याला टांगल्यासारखं आहे ते. व्यवहार तेवढे असतील तर एपीआयचा, म्हणजे प्रोग्रॅमने पोर्टलशी थेट बोलायचा रीतसर मार्ग धरा.

एक्सेल तर बंदच करा. पासवर्ड बॉटच्या टूलमधल्या क्रेडेन्शियल व्हॉल्टमध्ये, म्हणजे पासवर्डच्या तिजोरीत ठेवा. ती नसेल तर विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये, पण बॉटच्या खात्याने लॉगिन करून ठेवा. तुमच्या खात्याखाली ठेवलेलं बॉटला दिसत नाही आणि मग तुम्ही दिवसभर डोकं खाजवत बसाल. एक्सेलमध्ये ठेवायचं ते फक्त एवढं: कुठलं लॉगिन, कुठल्या प्रणालीचं, कुठला बॉट वापरतो, जबाबदार माणूस कोण, शेवटचा बदल कधी. आणि कुणी नोकरी सोडत असेल तर त्याच्या शेवटच्या दिवसाआधी ही यादी उघडा. काका मागच्या वर्षी निवृत्त झाले, तेव्हा यादीत त्यांचं नाव आणखी दोन ठिकाणी निघालं!

वेळापत्रकाबद्दल थोडंच लिहिते, कारण तुमचं निम्मं दुखणं वरच संपेल. चारही बॉट सकाळी नऊलाच का? बरीच पोर्टलं एका लॉगिनला एकाच वेळी एकच सत्र देतात, दुसरा आत आला की पहिला बाहेर. लॉगिन वेगळी होईपर्यंत त्यांना लांब लांब ठेवा, आणि टास्कमध्ये ‘आधीचं चालू असेल तर नवं सुरू करू नकोस’ हाच पर्याय आहे का ते बघा. दुसरं, तुमचा एक बॉट लॅपटॉपवर आहे म्हणालात. टास्क शेड्यूलरमध्ये ‘चार्जर लावलेला असेल तरच चालव’ ही खूण आधीपासूनच केलेली असते. आपल्याकडे उन्हाळ्यात वीज जाते ती नेमकी त्याच वेळेला, लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि बॉट सुरूच होत नाही. ना एरर, ना मेल. आम्ही हे महिनाभर शोधत होतो. क्लाउडवर लिनक्स सर्व्हर असेल तर त्याचं घड्याळ बहुधा यूटीसी या जागतिक वेळेवर असतं, तिथले नऊ म्हणजे आपले दुपारचे अडीच. आणि क्रॉनमध्ये (लिनक्सचा टास्क शेड्यूलर) २० तारीख आणि सोमवार दोन्ही लिहिलंत तर तो ‘२० तारखेला सोमवार असेल तेव्हा’ असं समजत नाही, २० तारखेलाही धावतो आणि प्रत्येक सोमवारीही.

सुट्ट्यांची यादी बॉटला द्या, आणि त्यात गड्ड्याचे दिवस हाताने घाला, तयार कॅलेंडरमध्ये ते मिळणार नाहीत. आमचे बॉट आता त्या दिवसांत झोपलेले असतात. शेंगाचटणी-भाकरी बांधून आम्हीही मैदानावर असतो, पण बॉटच्या मशीनची एक किल्ली माझ्या पर्समध्ये असते.

तुमच्या त्या तीन कोडपैकी कुठला दिसतोय ते इथे लिहा. ०७७५ असेल तर खातं उघडायला सांगण्याआधी चारही टास्क डिसेबल करा. आधी टास्क, मग फोन.