रुग्णांच्या फाइली आडनावाप्रमाणे लावाव्यात की नंबराप्रमाणे?

तुम्ही लिहिलंय की छोट्या रुग्णालयातल्या रेकॉर्ड रूमचं काम नव्यानं अंगावर आलंय, फाइली आडनावाप्रमाणे लावलेल्या आहेत आणि ऐन वेळी सापडत नाहीत. त्या नव्यानं लावाव्यात, की सगळं सरळ स्कॅन करून टाकावं?

स्कॅनिंग तूर्त बाजूला ठेवा. आज कपाटात जो घोळ आहे तोच संगणकात जाईल, आणि तिथे तो डोळ्यांना दिसणारही नाही. रेकॉर्ड रूममध्ये बारा वर्षं काढल्यावर सांगते, फाइल सहसा हरवत नाही. ती शेजारच्या खणात चुकून बसलेली असते, नाहीतर कुणाच्या तरी टेबलावर पडलेली असते.

आधी आडनावाचा नाद सोडा. एकच नाव तीन कारकून तीन तऱ्हांनी लिहितात, लग्नानंतर आडनाव बदलतं, सारख्या नावाची माणसं तर रोज येतात. एका पेशंटला एकच नंबर, आणि तो कायमचा. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयात डॉ. हेन्री प्लमर यांनी १९०७ साली हीच पद्धत आणली. त्याआधी तिथला प्रत्येक डॉक्टर आपापल्या वहीत नोंदी करायचा.

नवा नंबर देण्याआधी जुना आहे का ते शोधायचंच. पेशंटला ‘तुम्ही अमुकच ना?’ असं विचारू नका, दुखण्यानं बेजार माणूस कशालाही मान डोलावतो. पूर्ण नाव आणि जन्मतारीख त्यालाच सांगू द्या. मी सुरुवातीला घाईत एका बाईंना दुसरा नंबर देऊन टाकला होता. पहिल्या फाइलच्या पुठ्ठ्यावर लाल अक्षरांत ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ लिहिलेलं होतं, माझी नवी फाइल कोरी. वॉर्डातल्या सिस्टरनं इंजेक्शनआधी तोंडी विचारलं म्हणून निभावलं.

आता लावायची रीत. फाइली काही हजारच असतील तर सरळ चढत्या क्रमानं लावा, उगाच डोकं लढवू नका. पसारा मोठा असेल तर शेवटच्या आकड्यांनी लावा. समजा नंबर ०४७२१९ आहे. त्याचे ०४-७२-१९ असे तुकडे पाडा आणि उजवीकडून वाचा: १९ चा विभाग, त्यात ७२ चा गठ्ठा, त्यात ०४ ची फाइल. सरळ क्रमात नव्या फाइली सगळ्या शेवटच्या कपाटात जातात, रोज लागतात त्याही त्याच, मग तिथेच झुंबड. या रीतीत त्या ०० ते ९९ अशा शंभर विभागांत आपोआप वाटल्या जातात. पाठीवर आकड्यागणिक ठरावीक रंगाची पट्टी लावली की चुकीच्या जागी शिरलेली फाइल दारातूनच खुपते.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम म्हणजे आउट कार्ड. फाइल बाहेर काढली की तिच्या जागी जाड कार्ड उभं करायचं: नंबर, कुणी नेली, कुठे, कधी. ‘मोठ्या डॉक्टरांनी नेली’ हे तोंडी चालवून घेऊ नका, मोठ्या डॉक्टरांनासुद्धा कार्ड. पहिले पंधरा दिवस लोक वैतागतील.

फाइल परत आली की खणात ठेवण्याआधी उघडून बघा. डिस्चार्ज समरी आहे का, संमतीपत्रावर सही आहे का, प्रत्येक सुट्या कागदावर नाव आणि नंबर आहे का. महिन्यानं सहीसाठी डॉक्टरांच्या मागे फिरणं म्हणजे शिक्षा. ईसीजी थर्मल कागदावर असेल तर लगेच झेरॉक्स काढून जोडा, तो कागद काही वर्षांत पुसट होतो. चूक दुरुस्त करताना एकच आडवी रेघ, बाजूला सही, तारीख, वेळ. खालचं वाचता आलं पाहिजे, व्हाइटनर लावलेला कागद कोर्टात संशयच वाढवतो. आणि इन्शुलिनच्या डोसपुढे ‘युनिट’ पूर्ण लिहायला लावा. नुसतं इंग्रजी ‘यू’ हे अक्षर घाईत शून्यासारखं दिसतं आणि १० चे १०० वाचले जातात. हे सांगणं तुमच्या अखत्यारीत नाही असं कुणी म्हणेल, तरी सांगा.

एवढी घडी बसली की मग स्कॅनिंगकडे वळा. एक तारीख ठरवून नवे पेशंट संगणकावर घ्या, जुनी फाइल तो पेशंट पुन्हा आला तरच स्कॅन करा. अख्खं कपाट उपसायला गेलात तर कधीच न लागणाऱ्या कागदांत वर्ष जाईल. स्कॅन केलेल्या कागदाला मशीननं दिलेलं नाव तसंच ठेवू नका. पेशंटचा नंबर, तारीख, कागदाचा प्रकार, याच क्रमानं द्या.