पीडीएफ कुणाची, बंदी कशावर? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळच्या पत्रांत दोन सूर आहेत. काहींना धास्ती आहे की आपल्या हातून नकळत गुन्हा तर होत नाही ना. काहींना राग आहे की इंटरनेटवर कुणीही उठून कुलूप लावतं. दोघांनाही मी आधी एवढंच विचारते: वस्तू नेमकी कोणती, हक्क कुणाचा, आणि ती कुणी कुणाला वाटली? या तीन गोष्टी स्पष्ट झाल्या की निम्मा गोंधळ मिटतो.

आमचा निवृत्त शिक्षकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, 240 जणांचा. रोज कुणी ना कुणी मराठी पुस्तकांच्या पीडीएफ टाकतं. आम्ही त्यातून पैसे कमवत नाही, उलट वाचन वाढतं. मुलगा म्हणतो ही चोरी आहे. आणि आमच्यातल्या एका सरांना आता दिसत नाही, ते फोनकडून पुस्तक वाचून घेतात. त्यांनीही थांबायचं का? (सातारा जिल्हा)

मुलाचं म्हणणं बऱ्याच पीडीएफबाबत खरं आहे, सगळ्यांबाबत नाही. आणि तुमच्या सरांनी अजिबात थांबू नये.

1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखक हयात असेपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं पुस्तकावर हक्क राहतो. ही 60 वर्षं मृत्यूनंतरच्या 1 जानेवारीपासून मोजायची. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेलं सगळं लेखन 1 जानेवारी 2011पासून तुमचं-आमचं झालं. ते बिनदिक्कत वाटा. राम गणेश गडकरी 1919 साली गेले, त्यांच्याबद्दल तर प्रश्नच नाही. आचार्य अत्रे 1969 साली गेले, त्यांच्या पुस्तकांना 2029 संपेपर्यंत थांबावं लागेल. पु. लं.साठी 2060 संपेपर्यंत. जुन्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा आणि चित्रं यांचा हक्क मात्र वेगळा असतो, म्हणून स्कॅन करायचंच तर जुनी प्रत शोधा.

आता तुमच्या ग्रुपवरची एखादी पीडीएफ उघडून नीट पाहा. पहिल्या पानावर वाचनालयाचा गोल शिक्का, कोपऱ्यात स्कॅनिंग अ‍ॅपचं नाव, मध्येच पान दाबून धरणारा अंगठा. कुणीतरी वाचनालयातून आणलेली प्रत रात्री बसून मोबाइलवर उतरवली आहे. लेखक हयात आहे, पुस्तक दुकानात मिळतंय. मराठीत आवृत्ती अनेकदा हजार प्रतींचीच असते. पुस्तक 300 रुपयांचं आणि मानधन दहा टक्के धरा: सगळी आवृत्ती खपली तर लेखकाच्या हाती 30 हजार रुपये, तेही काही वर्षांत मिळून. त्या हजारातले 240 वाचक तुमच्या एका ग्रुपमध्ये आहेत. मोठ्या इंग्रजी प्रकाशकाला असा फटका जाणवणारही नाही, पण मराठीत यामुळे दुसरी आवृत्ती निघत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण या पीडीएफ पाठवणारी माणसं पुस्तकांवर प्रेम करणारीच असतात.

‘पैसे कमवत नाही’ ही सबब कायद्यात चालत नाही. स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा अभ्यासासाठी रास्त प्रमाणात नक्कल करण्याची मुभा कलम 52 देतं. 240 जणांचा ग्रुप मात्र खासगीत मोडत नाही.

तुमच्या सरांची गोष्ट वेगळी. 2012च्या दुरुस्तीने अपंग व्यक्तींना वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक तयार करायला आणि ते त्यांना ना नफा तत्त्वावर द्यायला सूट मिळाली. अंध वाचकांसाठीचा मराकेश करार 2013 साली झाला आणि 2014 साली त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. अंगठ्याच्या फोटोंनी भरलेली पीडीएफ सरांच्या फोनला वाचता येत नाही, ती फोनसाठी नुसती चित्रं असतात. ग्रुपमधल्या कुणाला हौस असेल तर त्यांनी एखादं पुस्तक विकत घ्यावं, ओसीआर करून (म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरं मजकुरात बदलून) मजकूर तपासावा, जोडाक्षरं दुरुस्त करावीत आणि ती फाइल सरांना द्यावी. हे पूर्णपणे कायदेशीर आहे आणि फार गरजेचं काम आहे.

बाकीच्यांसाठी मराठी विकिस्रोत आहे, मराठी विश्वकोश पूर्ण मोफत आहे, राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी प्रकाशनं संकेतस्थळावर ठेवली आहेत, आणि ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या परवानगीने पुस्तकं फुकट देतं. एवढं वाचून संपलं की मला पुन्हा लिहा.

सिनेमाची एक साइट उघडली तर ‘आदेशानुसार बंद’ अशी पाटी आली. मित्र म्हणतो, ते पान नुसतं उघडलं तरी तीन वर्षं कैद होते. मला नोटीस येईल का? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, पिंपरी)

नाही. या भीतीचा उगम 2016 सालचा आहे. तेव्हा बंद केलेल्या पानांवर झळकणाऱ्या पाटीत असं लिहिलं होतं की बेकायदा प्रत पाहणं हासुद्धा गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. देशभर घबराट पसरली. त्याच ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी स्पष्ट केलं की नुसतं पाहणं हा गुन्हा नाही. परवानगीविना वाटणं, जाहीर दाखवणं, विक्रीला किंवा भाड्याने देणं हा गुन्हा आहे. पाटीचा मजकूर बदलायलाही त्यांनी सांगितलं.

पण हे वाचून निश्चिंत होऊन टॉरेंट लावू नका. टॉरेंटचा प्रोग्रॅम तुम्ही सिनेमा उतरवत असताना, उतरलेले तुकडे त्याच वेळी इतरांना पाठवत असतो. खिडकीच्या तळाशी दोन बाण असतात, एक खाली आणि एक वर. तो वरचा बाण म्हणजे वाटप, आणि ते तुमच्या नावावरच्या जोडणीवरून होतंय. थिएटरमध्ये मोबाइल वर धरून चित्रीकरण करणाऱ्यांसाठी तर 2023च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीनंतर किमान तीन महिने कैद आणि किमान तीन लाख दंड आहे.

एक साइट माझ्या मोबाइल डेटावर उघडत नाही, ऑफिसच्या वायफायवर उघडते. तिच्यावर चोरीचं काहीच नाही. बंद कोण करतं, का करतं, हे कुणीच सांगत नाही. व्हीपीएन वापरणं गुन्हा आहे का? (नाशिक)

तुमचा राग रास्त आहे.

बंदीचे मुख्य मार्ग दोन. एक न्यायालयाचा: चित्रपट लागण्याआधी निर्माता ‘अशोककुमार’ नावाच्या अनोळखी प्रतिवादीविरुद्ध आदेश मिळवतो आणि साइटची यादी इंटरनेट कंपन्यांकडे जाते. दुसरा सरकारचा: माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 69अ. प्रत्यक्षात प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने अडवते. कुणी साइटच्या नावावरून तिचा इंटरनेटवरचा पत्ता शोधतानाच चुकीचं उत्तर देते, कुणी जोडणी होताना साइटचं नाव वाचून ती तोडते. कुणी यादी लगेच लावते, कुणी आदेश उठल्यावरही काढायला विसरते. म्हणून एकीकडे उघडतं, दुसरीकडे नाही.

यात निरपराध किती भरडले जातात ते पाहा. 2012 साली मद्रास उच्च न्यायालयाच्या एका आदेशाचा हवाला देऊन कंपन्यांनी व्हिमिओ या व्हिडिओ साइटसारख्या आख्ख्या साइट बंद केल्या. शेवटी न्यायालयालाच सांगावं लागलं की विशिष्ट लिंक बंद करा, सगळी साइट नको. 2017च्या ऑगस्टमध्ये तशाच एका आदेशात इंटरनेट आर्काइव्ह सापडलं, जिथे लाखो जुनी पुस्तकं आणि मिटलेली वेबपानं जपून ठेवलेली आहेत. 2022 साली व्हीएलसी या फुकट व्हिडिओ प्लेअरची अधिकृत साइट कित्येक महिने बंद होती. बनवणाऱ्यांना ना नोटीस, ना कारण. इंटरनेटवरच्या हक्कांसाठी लढणाऱ्या इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन या संस्थेच्या मदतीने त्यांनी कायदेशीर नोटीस धाडली आणि नोव्हेंबरात बंदी उठली. दरम्यान ज्यांनी तो प्लेअर भलत्याच साइटवरून उतरवला, त्यांना व्हायरसचा धोका पत्करावा लागला. बंदीने चोरी थांबली नाहीच, वर सुरक्षित वाट तेवढी बुजली.

पर्याय नाही असं नाही. वर ज्या न्यायमूर्तींचा उल्लेख केला, त्यांनीच जुलै 2016मध्ये एका निर्मात्याला सांगितलं होतं की प्रत्येक लिंक तपासून, शपथेवर यादी द्या. आख्खी साइट बंद हवी असेल तर तिच्यावर बेकायदा मजकुराखेरीज काही नाही हे दाखवा. आणि बंद पानावर दाव्याचा तपशील आणि दाद कुणाकडे मागायची ते छापा. माझ्या मते प्रत्येक बंदीला हाच नियम हवा. 2019पासून दिल्ली उच्च न्यायालय जे ‘डायनॅमिक’ आदेश देतं, त्यांत नव्या नावाने उगवलेल्या साइट नवा दावा न करता यादीत घालता येतात. चोर रोज नाव बदलतात, हे मान्य. पण तपासणी जितकी सैल, तितका तुमच्यासारख्यांना त्रास जास्त.

सरकारी मार्गाची अडचण आणखी मोठी, कारण कलम 69अखालच्या 2009च्या नियमांतच गुप्ततेची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी त्याच कायद्यातलं, ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुराला शिक्षा देणारं कलम 66अ रद्द केलं, ते आपल्या पालघरमधल्या दोन तरुणींना 2012 साली एका फेसबुक पोस्टवरून अटक झाल्यानंतर सुरू झालेल्या लढ्यात. त्याच निकालात 69अ मात्र कायम राहिलं. कारण लेखी नोंदवावं, ते न्यायालयात तपासता यावं, या अटींच्या भरवशावर. आदेशच कुणाला दिसत नसेल तर तो तपासायचा कसा?

तुम्ही कंपनीला लेखी विचारा की कोणत्या आदेशाने बंदी आहे. दूरसंचार विभागाकडे माहिती अधिकारात अर्ज करा. उत्तर नकारार्थी आलं तरी नोंद होते आणि पुढे दाद मागणाऱ्याच्या कामी येते.

व्हीपीएन, म्हणजे तुमची इंटरनेटवरची ये-जा दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारी सेवा, वापरणं भारतात गुन्हा नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल 2022च्या निर्देशांनी व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितली, त्यावर काहींनी भारतातले सर्व्हर हलवले, पण वापरणाऱ्यावर बंदी नाही. फुकटचे व्हीपीएन मात्र टाळा. तुमची सगळी ये-जा त्यांच्या हातातून होते.

आमच्या भजनी मंडळाने गणपतीत म्हटलेल्या आरतीचा व्हिडिओ टाकला. पेटी, तबला, आवाज सगळं आमचं. तरी एका म्युझिक कंपनीचा कॉपीराइट दावा आला. आरती तर रामदासांची! (पेडणे, गोवा)

शब्द 17व्या शतकातले आहेत, त्यांच्यावर आज कुणाचाच हक्क नाही. कंपनीचा हक्क असतो तो तिने ध्वनिमुद्रित केलेल्या आवृत्तीवर, आणि चाल किंवा वाद्यमेळ नवा असेल तर त्यावर. यूट्यूबची यंत्रणा आवाजाचा ठसा जुळवते. चाल, ताल, झांजा सारख्या असल्या की तिला तुमची पेटी आणि कंपनीची पेटी यांत फरक कळत नाही.

‘डिस्प्यूट’ करा. कारणात लिहा की गायन-वादन स्वतःचं आहे आणि काव्य हक्कमुक्त आहे. दावेदाराने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही तर दावा आपोआप सुटतो. फेटाळला तर अपील करता येतं. हा दावा म्हणजे ‘स्ट्राइक’ नव्हे, त्यामुळे घाबरून व्हिडिओ काढून टाकू नका. तुम्ही काढलात की पुढच्या मंडळावर तोच दावा येणार. फक्त एक खात्री करा: मागे मांडवातल्या स्पीकरवर कंपनीचीच कॅसेट वाजत नव्हती ना?

फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं काम करतो. डिझाइनचं सॉफ्टवेअर क्रॅक केलेलं आहे, परवान्याचे पैसे परवडत नाहीत. हल्ली कॉम्प्युटर फार मंद झालाय. काय करू? (इचलकरंजी)

आधी इंटरनेटची वायर काढा. मग दुसऱ्या फोनवरून बँकेचे आणि मेलचे पासवर्ड बदला. त्यानंतर पुढचं वाचा.

क्रॅक बसवताना त्याने पहिली सूचना काय दिली होती, आठवा: अँटिव्हायरस बंद करा. दार आपणच उघडं ठेवलं. आत काय शिरलं ते मंद झालेला कॉम्प्युटर सांगतोय. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलून नेणारे प्रोग्रॅम अशाच वाटेने येतात. पत्रिकांच्या फाइल बाहेर काढा, कॉम्प्युटर फॉरमॅट करा. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच 1930वर फोन करा. कॉपीराइट कायद्यातही धंद्यासाठी चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणाऱ्याला कलम 63ब प्रमाणे किमान सात दिवस कैद आणि किमान 50 हजार दंड आहे.

इंकस्केप, गिंप आणि स्क्रायबस ही डिझाइनची सॉफ्टवेअर फुकट आहेत आणि तिन्हींत युनिकोड मराठी चालतं. फाँटसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ मुक्त परवान्यावर मिळतात. सोपं जाईल असं मी म्हणणार नाही. तुमचा जुना मजकूर जुन्या फाँटमध्ये असेल, तो कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणावा लागेल, आणि रफार, ‘क्ष’, ‘श्र’ डोळ्यांनी तपासावे लागतील. वधूचं नाव ‘श्रद्धा’ असेल तर दोनदा. एका महिन्यात सगळं बदलू नका. नव्या पत्रिका नव्या सॉफ्टवेअरवर सुरू करा, जुन्या गिऱ्हाइकांच्या फाइल येतील तशा बदला.

पीएचडी करते. एका लेखाचे तीन हजार रुपये मागतात. साय-हब वापरलं तर चुकलं का? (नांदेड)

ज्यांनी संशोधन केलं त्यांना त्या तीन हजारांतला रुपयाही मिळत नाही, आणि पुष्कळदा ते संशोधन जनतेच्या पैशातून झालेलं असतं. त्यामुळे मराठी कादंबरीकाराबद्दल मी जे लिहिलं ते इथे लागू होत नाही, तुमच्याबद्दल मला पूर्ण सहानुभूती आहे. तरीही साय-हब प्रकाशकांच्या परवानगीविना संशोधन-लेख फुकट देतं, म्हणून कायद्याने ती उल्लंघन करणारीच साइट आहे. तिच्याविरुद्ध डिसेंबर 2020मध्ये दिल्लीत दावा झाला आणि ऑगस्ट 2025मध्ये ती बंद करण्याचा आदेश निघाला.

तुमचं विद्यापीठ सरकारी असेल तर ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत 30 प्रकाशकांची सुमारे 13 हजार नियतकालिकं 2025पासून खुली झाली आहेत. ग्रंथपालांना गाठून लॉगिन मागा, खूप जणांना ते आहे हेच माहीत नाही. खासगी महाविद्यालयं यातून बाहेर आहेत, हे मला अजिबात पटत नाही. तिथल्या विद्यार्थिनीची भूक काही कमी नसते. तसं असेल तर लेखाची पूर्वप्रत (प्रीप्रिंट) शोधा, शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या मोफत संग्रहात प्रबंध पाहा, आणि सरळ लेखकाला दोन ओळींची मेल टाका. आपला लेख कुणाला वाचायचाय हे कळलं की बहुतेक संशोधक आनंदाने पाठवतात, आणि तसं पाठवायला बरेच प्रकाशकही हरकत घेत नाहीत.